दोन टाक्यांमधलं शिसं

सहावीच्या वर्गात मी दर वर्षी एक प्रयोग करून दाखवते. लांब पट्टी मधोमध दोऱ्याने टांगायची, दोन्ही टोकांना सारखे फुगवलेले दोन फुगे बांधायचे आणि पट्टी आडवी स्थिर झाली की एका फुग्याला टाचणी लावायची. फुगा फुटतो, मुलं ओरडतात, आणि पट्टी उरलेल्या फुग्याच्या बाजूने खाली जाते. "काय कळलं?" मी विचारते. "हवेला वजन असतं, टीचर," सगळा वर्ग एका सुरात. घाटकोपरच्या ह्या शाळेत हे मी चौदा वर्षं करते आहे. गेली तीन वर्षं टाचणी लावताना मी डोळे मिटून घेते. मुलांना वाटतं, टीचर फुग्याच्या आवाजाला घाबरतात. वाटू दे.

माझ्या दादाचा पाय ज्या कारणाने गेला, ते कारण ह्या प्रयोगात आहे. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दादाला माहीत नव्हतं, आणि मी त्याला सांगितलं नव्हतं. तो मात्र तीन वर्षं स्वतःला भित्रा समजत राहिला.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मुलुंडला एका गाळ्यात आग विझवायच्या नळकांड्यांची आणि गॅसच्या टाक्यांची तपासणी होते, तिथे तो कामाला. एकदा कुणीतरी पाणबुड्यांच्या टाक्या तपासायला घेऊन आलं आणि दादाने विचारलं, "ह्या घालून खाली जातात कसं?" त्या माणसाने त्याला तरणतलावावर नेलं. पुढच्या रविवारी दादाने मला नेलं. आमचे बाबा गिरणीत होते, गाव मालवणकडचं, पण आमच्या घरात समुद्र म्हणजे बाजारातली मासळी. आई अजून घोट्याच्या वर पाणी येऊ देत नाही. तिची दोन्ही पोरं चाळिशीच्या उंबरठ्यावर पाण्याखाली श्वास घ्यायला शिकली. "ह्येंका खुळ लागला," ती शेजारणींना सांगायची, आणि सांगताना तिला अभिमानही वाटायचा.

काही वर्षं आम्ही एकेक टाकी घेऊन उतरलो. मग दादाला दोन टाक्यांचं वेड लागलं. दोन टाक्या पाठीवर शेजारी शेजारी बांधल्या की खोल जाता येतं, जास्त वेळ राहता येतं. त्याची किंमत वर येताना मोजावी लागते. पाच मीटरवर थांबायचं, अधांतरी, कधी दहा मिनिटं, कधी पंधरा, म्हणजे रक्तात विरघळलेला वायू हळूहळू बाहेर पडतो. न थांबता वर आलात तर त्याचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा पाठीच्या कण्यात अडकला की पुढचं सगळं नशिबावर.

दादाने टाक्या स्वतः जोडल्या, ॲल्युमिनियमच्या. जोडणीवरचा एकेक बोल्ट त्याने आवळलेला. शिसंही गाळ्यातच ओतून घेतलं. दीड-दीड किलोच्या दोन वड्या, त्यांच्यावर ठोकून वजन कोरलेलं. त्या वड्या एका कापडी खिशात घालून दोन टाक्यांच्या मधल्या खोबणीत, कमरेजवळ बसवल्या. त्याच्या हातची वस्तू कधी वाकडी नसायची. पाण्यात मात्र तो स्वतः वाकडा व्हायचा, पाय खाली, डोकं वर, जणू कुणी त्याला खुर्चीत बसवलंय.

पाणबुड्याने पाण्यात सपाट आडवं राहायचं असतं. गुडघे वाकलेले, पोट जमिनीला समांतर, हात पुढे. ह्याला ट्रिम म्हणतात. मला ते पटकन जमलं होतं आणि त्याचा मला नको इतका गर्व होता. शिक्षिकाच मी, दुसऱ्याचं चुकलेलं दिसलं की हात शिवशिवतात. ज्या सहलीत दादाचा पाय गेला, तिच्या आदल्या रविवारी मुलुंडच्या तरणतलावात आम्हाला एक तास मिळाला होता. टाक्या गच्च भरलेल्या, कारण पुढच्या आठवड्यात समुद्रावर जायचं होतं आणि हवा फुकट घालवायची नव्हती. दादाचे पाय काही केल्या वर येईनात.

"बघ गं जरा मागून," तो म्हणाला.

मी मागे गेले. शिसं कमरेजवळ, त्यामुळे पाय जड. इथे काय करायचं असतं हे कुठल्याही शिकलेल्या माणसाला ठाऊक आहे. वड्या तिथून काढायच्या आणि वर, खांद्यांकडे सरकवायच्या. वजन तेवढंच, फक्त जागा बदलायची. पण वरती खिसा नव्हता, पट्टे सोडून पुन्हा बांधायला वेळ लागला असता, आणि तलावाचा माणूस शिट्टी घेऊन काठावर उभा होता. मी दोन्ही वड्या काढून माझ्या पिशवीत टाकल्या.

"आता कसं?" दादाने विचारलं. त्याला पाठीमागचं काही दिसत नव्हतं.

"आता जा."

तो गेला, आणि सतरंजी अंथरावी तसा सपाट पसरला. मी पाण्याखाली टाळ्या वाजवल्या. वर आल्यावर तो लहान पोरासारखा हसत होता. "झकास! काय केलंस?"

"जादू," मी म्हटलं.

जादूच ती. टाक्या भरलेल्या होत्या तोवरची. दोन भरलेल्या टाक्यांत पाच किलोच्या आसपास हवा असते. माणूस ती श्वासाश्वासाने पिऊन टाकतो आणि बुडबुड्यांनी सोडून देतो, आणि टाक्या हलक्या होत जातात. म्हणून वजनाचा हिशोब टाक्या रिकाम्या व्हायला आल्या असताना करायचा असतो, डुबकीच्या शेवटी. शिवाय तलावाचं पाणी गोडं, समुद्राचं खारं, आणि खारं पाणी माणसाला जास्त वर ढकलतं. हे दोन्ही मी मुलांना शिकवते, दुसरं अंडं आणि मीठ घेऊन. मी ट्रिम बघितली आणि वजन बघितलंच नाही.

पुढच्या शनिवारी कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या एका बेटापाशी आमची होडी थांबली. होडीवरच्या प्रमुखाने सगळ्यांना विचारलं, वजनं तपासली का. दादाने माझ्याकडे बघितलं. "आमचं तलावात तपासून झालंय," मी म्हटलं. वड्या माझ्या पिशवीतच होत्या, मी पिशवी रिकामी केली नव्हती. दादा बसला होता तिथून ती पिशवी दोन हातांवर होती.

खाली सगळं सुंदर होतं. ते मी सांगत बसणार नाही, सुंदर होतं म्हणून काय झालं. परत येताना पाच मीटरवर आम्ही थांबलो. चौदा मिनिटं थांबायचं होतं. पहिल्या दोन-तीन मिनिटांतच दादा वर सरकायला लागला. तरंगण्यासाठी पाठीवर असते ती हवेची पिशवी त्याने पूर्ण रिकामी केली. तरी सरकत होता. त्याने डोकं खाली करून पाय मारले, जिवाच्या आकांताने मारले, आणि त्या धडपडीत आणखी हवा प्यायला, आणखी हलका झाला. मी त्याचा पाय धरला. त्याच्याबरोबर मीही वर जाऊ लागले. मग त्याची फिन, पायातलं रबरी वल्हं, निसटून माझ्या हातात राहिली आणि तो गेला.

नियम असा की दुसरा वर गेला तरी आपण आपलं थांबणं पूर्ण करायचं, नाहीतर दोघंही जातात. मी नियम पाळला. उरलेली सगळी मिनिटं मी एका हातात त्याची फिन धरून, अगदी सपाट, आडवी, स्थिर राहिले. वर होडीच्या कडेला त्याचे दोन पाय दिसत होते. एक हलत होता. तेवढ्यात मला कळलं की मी काय केलंय. पाण्याखाली, पाच मीटरवर, तिथेच. पट्टी माझ्या डोळ्यांसमोर तिरकी झाली.

रक्तातले बुडबुडे परत विरघळवणारा प्रेशर चेंबर असलेलं रुग्णालय गाठेपर्यंत बरेच तास गेले. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. उजवा पाय परत आला, डावा आला नाही. दादा काठी घेऊन चालतो, तो पाय ओढत.

तिसऱ्या दिवशी तो शुद्धीत येऊन नीट बोलायला लागला. वहिनी उशाशी होती, आई पायथ्याशी बसून त्याच्या डाव्या पावलाला तेल चोळत होती. दादाने मला विचारलं, "माझ्याकडे शिसं किती होतं गं?"

मला माहीत आहे, त्याने का विचारलं. बारा वर्षं टाक्यांत काम केलेला माणूस तो, हिशोब त्याच्या डोक्यात सुरू झाला होता. मी वहिनीकडे बघितलं. आईच्या हाताकडे बघितलं.

"नेहमीचंच," मी म्हटलं.

त्याने आपल्या डाव्या पावलाकडे बघितलं. मग म्हणाला, "मग मीच घाबरलो असेन. चुकून पिशवीत हवा भरायचं बटण दाबलं असणार." आणि त्याने डोळे मिटून घेतले.

त्या एका शब्दावर आमचं घर तीन वर्षं उभं राहिलं. दादा सगळ्यांना तेच सांगायचा, फिजिओथेरपीवाल्याला, गाळ्यातल्या लोकांना, लिफ्टमध्ये भेटलेल्या शेजाऱ्याला. "घाबरलो यार, वाट लागली." हसून सांगायचा. गाळ्यात त्याला आता टाक्यांना हात लावू देत नाहीत, टेबलावर बसून लेबलं लिहितो. आई मात्र हसायची नाही. "समुद्राचो काय दोष? माझो झील भियालो," ती म्हणायची, हळू आवाजात, आपला मुलगा घाबरला ह्याची लाज वाटल्यासारखी. आणि मी त्या खोलीत असायचे. चहा प्यायचे.

त्या टाक्या माझ्याकडे आल्या. दादाच्या घरात त्या नकोत असं वहिनी म्हणाली, बरोबरच होतं तिचं. माझ्या खोलीच्या कोपऱ्यात, जुन्या चादरीखाली, त्या तीन वर्षं उभ्या होत्या. दोन खांदे, मान नाही. त्यांच्यात थोडी हवा शिल्लक होती, त्या दिवशीची, दादाने न घेतलेली. मी ती कधी सोडली नाही. संध्याकाळी शाळेतून आले की मी आधी त्या कोपऱ्याकडे बघायचे, घरात वडीलधारं माणूस बसलं असावं तसं. चादर सरकली असेल तर सारखी करायचे. वड्या माळ्यावर, त्याच पिशवीत. कधीकधी वह्या तपासता तपासता उजव्या हाताची मूठ आपोआप वळायची, त्याची फिन धरल्यासारखी, आणि मी ती टेबलावर आपटून उघडायचे. मी पुन्हा पाण्यात गेले नाही. लोकांना वाटलं, भावाचं दुःख. मला कुणी भित्री म्हटलं नाही.

यंदाच्या गणपतीत दादाच्या घरी वाकोल्याचे काका आले होते. बाबा गेल्यापासून आमच्याकडे गाऱ्हाणं तेच घालतात. गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर घरातल्यांची अडचण मोठ्याने मांडायची, आणि प्रत्येक वाक्यामागे सगळ्यांनी मिळून "व्हय म्हाराजा" म्हणायचं. सगळ्यांनी म्हटलं तरच ते देवापर्यंत जातं असं आई मानते. काय मागायचं ते आई काकांना आधी सांगून ठेवते. काका हात जोडून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुजी लेकरां तुज्या म्होरां हात जोडून उभी आसत."

"व्हय म्हाराजा!"

"थोरल्या झिलाच्या मनात जी भीती बसली हा, ती मुळासकट काढून टाक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आधीच्या दोन वर्षांतही हेच झालं होतं आणि दोन्ही वर्षी मीही म्हटलं होतं. यंदा मी दादाच्या अगदी शेजारी उभी होते. त्याने काठी कोपराशी अडकवली होती, दोन्ही हात जोडले होते, आणि सगळ्यांत मोठा आवाज त्याचा होता. व्हय म्हाराजा. डोळे मिटून, मनापासून, चाळिशी उलटलेला माणूस देवाकडे मागत होता की माझी भीती काढ. जी त्याच्यात नव्हतीच. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. आईने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

पुढच्या रविवारी मी टाक्या रिक्षात घालून मुलुंडच्या तलावावर गेले. आम्हाला शिकवणारे सर अजून तिथे येतात. त्यांनी दाबाचा काटा लावून बघितला, चाळीस बार, म्हणजे भरलेल्या टाकीचा पाचवा हिस्सा. "ही हवा श्वासाला घ्यायची नाही," ते म्हणाले. "माझ्या टाकीची जादा नळी तोंडात धर, मी शेजारी आहे." काय करायचंय ते त्यांनी विचारलं नाही. मला वाटतं, त्यांना पिशवीतलं शिसं दिसलं होतं.

मला काही सिद्ध करायचं नव्हतं. गणित पाठ होतं. पण मी ते अंगाने कधी बघितलं नव्हतं. टाक्या भरलेल्या असताना एकदा मी हाच संच गंमत म्हणून घातला होता, तेव्हा त्याने मला तळाशी नेऊन बसवलं होतं. आता मी शिशाशिवाय खाली गेले, सरांनी खांदा धरून नेलं, आणि त्यांनी हात सोडल्यावर त्या टाक्यांनी मला वर उचललं. हवेची पिशवी रिकामी केली, फुप्फुसं रिकामी केली, पाय मारले. ऐकतच नव्हत्या. पाठीवरून कुणी बखोट धरून ओढत होतं. त्याला असं वाटलं असेल. असंच. गोड्या पाण्यात, सरांच्या देखत, खोली जेमतेम चार मीटर, आणि तरी मी सरांचा हात शोधत होते.

मग मी वर येऊन दोन्ही वड्या नव्या खिशात घातल्या आणि तो खिसा वर, खांद्यांच्या बाजूला बांधला. पुन्हा खाली गेले. पाय वर आले. पोट सपाट झालं. हात पुढे केले आणि थांबले, आणि थांबलेलीच राहिले, ना वर ना खाली, बोटभरही नाही. तीन किलो शिसं आणि दहा मिनिटांचं काम. एवढंच करायचं होतं. मास्कमध्ये मी इतकी रडले की सरांनी मला वर यायची खूण केली.

तिथून तशीच ओल्या केसांनी दादाकडे गेले. दुपार होती, आई आत झोपली होती, वहिनी ओट्यापाशी होती. दादा टेबलाशी बसून लेकीच्या वहीला कव्हर घालत होता. मी वड्या त्याच्यासमोर ठेवल्या.

त्याने एक उचलली. कोरलेल्या आकड्यावरून अंगठा फिरवला. "ही माझी. तुझ्याकडे कशी?"

मी सांगितलं. तलाव, पाय, पिशवी, होडी. ओळीने सांगितलं, रडले नाही, मध्ये थांबले नाही. रुग्णालयातलं "नेहमीचंच" सगळ्यात शेवटी सांगितलं. ओट्यावरची भांडी वाजायची थांबली.

दादा ती वडी तळहातावर तोलत होता. "म्हणजे मी बटण दाबलं नव्हतं."

"नाही."

"मी सगळं बरोबर केलं होतं."

"हो दादा."

त्याने वडी खाली ठेवली, अगदी हळू, आवाज न करता.  मला वाटलं, आता पायाचं बोलेल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पायाचं सोड," तो म्हणाला. "चुकतं माणूस. मी असतो तर मीपण काढलं असतं कदाचित. पण मी तुला विचारलं होतं ना? तिसऱ्या दिवशी. सरळ विचारलं होतं."

"हो."

"मग?"

तीन वर्षं मी ह्या प्रश्नाची उत्तरं तयार केली होती. वहिनी समोर होती, आईच्या हातात तेल होतं, तू आजारी होतास. 

"मी घाबरले रे दादा," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं.  मग काठी ओढून घेतली, टेबलावर हात टेकून उभा राहिला, आणि दोन्ही वड्या उचलून देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवल्या.

"आई उठली की तिला तू सांगायचंस. मी नाही," तो म्हणाला. "आणि काकांना फोन कर. पुढच्या वर्षीचं गाऱ्हाणं तुझ्या भीतीचं." तो हसत नव्हता. "मी शेजारी उभा राहून म्हणेन."

आतून आईची हाक आली, कोण आलंय म्हणून. दादा माझ्याकडे बघत उभा होता.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं, आणि आत गेले.